किलोभराचे गोळे, दुखरा अंगठा

«मॅडम, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय २३, गावच्या तालमीत सराव करतो. दम चांगला आहे, पण पकड कमी पडते. समोरचा मनगट सोडवून घेतो. मोबाईलवर बघितलं की चीनमध्ये लोक तळहातावर दोन लोखंडी गोळे फिरवून पंजा मजबूत करतात. आमचा एक मित्र कुपवाड एमआयडीसीत आहे. त्याच्या ओळखीनं भंगारातून मोठ्या बेअरिंगमधले दोन इंची दोन गोळे मिळाले. दीड महिना झाला, रोज रात्री अर्धा अर्धा तास दोन्ही हातांनी फिरवतो. आता उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय, बादली उचलली की कळ येते. मध्ये सरावात एकदा हातावर पडलो होतो, पण ते नेहमीचंच. वस्ताद म्हणतात, ‘गोळं फिरवून पैलवान झालेला मी अजून बघितला न्हाई.’ गोळे चालू ठेवू का बंद करू? याहून जड करून घेतले तर लवकर फरक पडेल का? आणखी एक, आई द्राक्षाच्या विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी कापायला, जाते. रात्री तिच्या हाताला मुंग्या येतात, जाग येते. तिला हे गोळे दिले तर चालतील का?»

पैलवान, माझा धाकटा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

पत्रात गोळ्यांवर सात-आठ ओळी आहेत आणि हातावर पडल्याचं तू अर्ध्या ओळीत उरकलंस. मी मात्र तिथेच अडले. गेली पंचवीस वर्षं सांगलीत फिजिओथेरपी करते आहे आणि ‘पडलो होतो, पण ते नेहमीचंच’ हे वाक्य तालमीतल्या पोरांकडून किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. त्यामुळे गोळ्यांचं नंतर बघू, आधी हात तपासू.

उजवा अंगठा ताणून वर उचल. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बुडाशी दोन दोऱ्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगा पडतो. जुनी तपकीर ओढणारी माणसं चिमूट ठेवायला हाच खळगा वापरायची, डॉक्टरी पुस्तकात त्याचं नावही तपकिरीच्या डबीवरूनच आहे. त्या खळग्यात डाव्या हाताच्या बोटानं दाबून बघ. तिथे नेमकी कळ आली तर हा कागद बाजूला ठेव आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. तळहात टेकून पडलं की पुष्कळदा तेच मोडतं, आणि मोडलं तरी हात वाकडा दिसत नाही, बऱ्याचदा सूजही फारशी येत नाही. माणूस मुरगळलं म्हणून तेल चोळत बसतो. या हाडाला रक्त पुढच्या टोकाकडून मागे येतं. मध्ये मोडलं की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो, मग हाड जुळत नाही आणि पुढे मनगट कायमचं दुखरं होतं. पहिल्या एक्स-रेत ही मोड दिसेलच असं नाही. म्हणून पडल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांग. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढा म्हणाले किंवा एमआरआय सांगितला, तर पैसे काढायला सांगताहेत असं समजू नकोस. आणि तोवर आखाड्यात उतरायचं नाही.

खळग्यात दुखत नाही, पण त्याच्या थोडं वर, कोपराच्या दिशेला, मनगटाच्या हाडाचा जो उंचवटा आहे तिथे दाबल्यावर दुखतंय? मग दोष गोळ्यांचा असण्याची शक्यता जास्त. अंगठा मुठीत घे आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकव. अंगठ्याच्या मुळापासून वर सणक गेली तर ते बहुतेक ‘डी क्वेर्व्हां’चं दुखणं. फ्रिट्झ डी क्वेर्व्हां या स्विस सर्जननं १८९५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. ही परीक्षा एकदाच कर. खात्री करायला म्हणून दिवसातून दहा वेळा तेच करणारे पेशंट मी पाहिलेत, त्यानं दुखणं वाढतं.

होतं काय, ते सांगते. अंगठा बाजूला उचलणाऱ्या दोन शिरा (आपण शिरा म्हणतो, खरं तर स्नायूंचे दोर) मनगटावरच्या एका अरुंद बोगद्यातून जातात. अंगठा पसरून पुन्हा पुन्हा जोर लावला की तिथे घासतं, अस्तर जाड होतं, बोगदा आणखी अरुंद होतो. माझ्याकडे या दुखण्याचे सर्वात जास्त पेशंट पैलवान नाहीत, तान्ह्या बाळांच्या आया आहेत. बाळाला काखेतून उचलताना अंगठे असेच पसरलेले असतात. तुझ्या बाबतीत बाळाच्या जागी बेअरिंगचा गोळा आहे, एवढाच फरक.

आता त्या गोळ्याकडे येऊ. दोन इंची, म्हणजे जवळजवळ ५१ मिलिमीटर. भरीव पोलादाचा असला गोळा साधारण ५३५ ग्रॅम भरतो. दोन मिळून किलोच्या वर. ते दोन्ही शेजारी ठेवले की चार इंच जागा लागते. पट्टी घे आणि अंगठा सोडून तळहाताची रुंदी मोज. साडेतीन इंचांच्या आसपास भरेल. म्हणजे गोळे फिरायला लागले की तुझा अंगठा सतत शेवटच्या टोकाला ताणलेला, आणि त्याच अवस्थेत अर्ध्या किलोचा गोळा ढकलतोय. तेही अर्धा तास, रोज. मनगटानं दीड महिना काढला हेच खूप. तू अजून जड करून घेऊ का विचारतोस! गोलाचं वजन व्यासाच्या घनानं वाढतं. ४० मिलिमीटरचा पोलादी गोळा २६० ग्रॅमच्या घरात असतो आणि ५० चा ५१० च्या. व्यास एक सेंटीमीटरनं वाढला आणि वजन जवळजवळ दुप्पट. साठचा केलास तर एकेक गोळा पावणेनऊशे ग्रॅमच्या पुढे जाईल. तो हातात फिरणार नाही, पायावर पडेल.

तू मोबाईलवर पाहिलेला प्रकार बहुतेक बाओडिंगच्या गोळ्यांचा असणार. बाओडिंग हे चीनच्या हबेई प्रांतातलं शहर, बीजिंगच्या नैर्ऋत्येला. मिंग राजवटीपासून तिथे हे गोळे होतात अशी परंपरा सांगतात. आधी भरीव लोखंडी असायचे, पुढे पोकळ करून आत पत्री बसवायला लागले. त्यामुळे फिरवताना ते वाजतात, जोडीतला एक वरच्या सुरात, एक खालच्या. माझ्याकडे अशी एक निळ्या मीनाकारीची जोडी आहे. रात्री टीव्हीसमोर बसून फिरवायला लागले की घरचे म्हणतात, बैल आले गोठ्यात. तर मुद्दा असा की हे पोकळ गोळे भरीव गोळ्यांपेक्षा कितीतरी हलके असतात, आणि ते फिरवणारे बहुतेक म्हातारे असतात. त्यांना कुणाचं मनगट धरायचं नसतं. बोटं आखडू नयेत, शर्टाचं बटण लावता यावं, भांडं हातातून निसटू नये, एवढ्यासाठी चाललेलं असतं ते.

गोळे फिरवून बोटं एकमेकांशी बोलायला शिकतात. करंगळीनं गोळा उचलून अनामिकेकडे द्यायचा, तिनं पुढे सरकवायचा, अंगठ्यानं झेलून आत वळवायचा, आणि हे सगळं बघितल्याशिवाय. ही बोटांची अक्कल आहे. मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोऱ्याची जवारी लावणारा, म्हणजे तारेची गुंज जमवणारा, कारागीर बघ. तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवताना, तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढेमागे करताना त्याच्या हाताला जोर लागतच नाही, पण चिमटीला जे कळतं ते तुझ्या-माझ्या चिमटीला कळणार नाही. गोळे हाताला कुठे नेत असतील तर त्या दिशेला नेतात. प्लास्टर काढल्यानंतर आखडलेला हात, तबल्याचा रियाज करणाऱ्याची बोटं, दिवसभर की-बोर्ड बडवून ताठलेली बोटं, यांना त्यांचा उपयोग मी पाहिलाय. तळहातावरचे बिंदू दाबले जाऊन रक्तदाब उतरतो, वगैरे जे पाकिटावर छापलेलं असतं, त्यात मला दम दिसत नाही.

मनगट न सोडण्याची ताकद वेगळ्या ठिकाणी असते. बोटांच्या आत स्नायू नसतातच, हे ऐकून पोरं चकित होतात. बोटं मिटवणारे जोरकस स्नायू कोपराखाली, पोटरीसारखे हाताच्या पुढच्या भागात असतात आणि दोरांनी बोटं ओढतात. त्यांना वाढवायचं तर मूठ पूर्ण मिटून, जोर लावून, धरून ठेवावी लागते. गोळे फिरवताना हात उघडा असतो आणि कुठलाच स्नायू पूर्ण जोर लावत नाही. अर्धा तास फिरवून कोपराखाली जी जळजळ होते ती थकव्याची, आणि थकवा आला म्हणजे पकड वाढली असं नाही. तेव्हा तुझ्या वस्तादांचं म्हणणं खरं आहे. त्यांनी कारण सांगितलं नाही, एवढंच.

आपल्या भागाला पकड शिकवायला चीनमधून काही आणायची गरज नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने तर आपल्याच जिल्ह्यातले. त्यांची पिढी ज्या मातीत तयार झाली तिथे फावड्यानं आखाडा खणणं हाच पकडीचा पहिला व्यायाम होता. माती ताक, तेल, हळद घालून भिजलेली, फावड्याचा दांडा घामानं निसटणारा, आणि तासभर खणायचं. आता ते काम नव्या पोरांवर ढकलून जुने बाजूला बसतात, असं माझे एक पेशंट वस्ताद कुरकुरत असतात. तू आपणहून घे ते काम. दोरावर चढ, आठवड्यातून तीन दिवस, पाय न लावता जमेल तेवढं. दोर नसेल तर आडव्या बारवर जाड टॉवेल टाक, दोन्ही टोकं धर आणि नुसता लोंबकळ. वीस सेकंदांनी सुरुवात, आठवड्याला पाच-पाच सेकंद वाढव. मनगट धरून ठेवण्याच्या सर्वात जवळचा व्यायाम हाच, कारण टॉवेल मुठीत मावत नाही आणि निसटायला बघतो. गदा आणि करेला (फिरवायचा जड लाकडी मुद्गल) मनगटासाठी आहेतच. घरी म्हैस असेल तर दोन्ही वेळची धार तू काढ. मी थट्टा करत नाही, मूठ मिटणं-सोडणं इतक्या वेळा दुसऱ्या कुठल्या कामात होत नाही. पण हे सगळं अंगठा बरा झाल्यावर.

उलट बाजूही हवी. पैलवानांचे हात मिटण्यात तरबेज आणि उघडण्यात ढिले असतात. भाजीच्या जुडीला येतो तो रबर पाचही बोटांच्या टोकांवर चढव आणि बोटं फाकव, पंधरा-वीस वेळा. किंवा बादलीत ज्वारी भर, हात मनगटापर्यंत खुपस आणि आत बोटं फाकवून उघड-मीट कर. नंतर ती ज्वारी गुरांना जाईल, वाया काही जात नाही.

सध्यापुरतं असं कर. हाड ठीक आहे हे डॉक्टरांनी सांगितलं तरी तीन आठवडे गोळे बंद. अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो, तो दिवसा कामाच्या वेळी आणि रात्री झोपताना लाव. नुसत्या मनगटाचा पट्टा घेऊ नकोस, त्यानं अंगठा मोकळा राहतो. बादली अंगठा पसरून उचलायची नाही. मोबाईलवर अंगठ्यानं टायपिंग बंद, आणि हे तुला आखाडा बंद करण्यापेक्षा अवघड जाईल याची मला कल्पना आहे. दुखऱ्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. मालिशवाल्याकडून ती शीर ‘बसवून’ घ्यायची नाही, ती कुठे गेलेली नाही. तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर डॉक्टर बोगद्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन सुचवतील. बऱ्याच जणांना त्यानं आराम पडतो. क्वचित छोटी शस्त्रक्रिया लागते.

एवढं होऊनही गोळे फिरवायची हौस उरली असेल तर खुशाल फिरव, मला ते आवडतात. पण दीड इंची घे. बेअरिंगच्या दुकानात मिळतात, एकेक सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. कोपर टेकवून, मनगट सरळ, तळहात वर. मनगट मागे मुडपून फिरवायचं नाही. एका दिशेला सहज जमेल, दुसऱ्या दिशेला अंगठ्याला गोळा पुढे ढकलावा लागतो, ती दिशा पहिले दोन आठवडे सोड. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, बस्स. सुरुवातीला गोळे एकमेकांना घासून फिरतील, आवाज होईल. पुढची पायरी वजन वाढवण्याची नाही, तर ते एकमेकांना न लागता फिरवण्याची. आवाज बंद झाला की समजायचं बोटं शिकली. मला ते जमायला सात महिने लागले आणि डाव्या हातानं अजून जमत नाही. पलंगावर किंवा घोंगडीवर बसून कर. माझ्या एका पेशंटच्या घरी असाच गोळा सुटून नवीन फरशीचा टवका गेला आणि तो टवका घरात वर्षभर गाजला. फरशीच्या जागी पायाचं बोट असतं तर त्याला माझ्याकडेच यावं लागलं असतं.

भंगारातल्या गोळ्याबद्दल दोन शब्द. त्याला ग्रीस, जुनं तेल असतं. साबणानं खरखरून धुऊन कोरडा कर. बेअरिंगच्या पोलादात क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास असतं, स्टेनलेस म्हणायला साडेदहा टक्के तरी लागतं. म्हणून तुझ्या घामानं हे गोळे गंजणार. ठेवताना मशीनच्या तेलाचा पातळ हात, घेताना पुसून कोरडे. चकचकीत मुलामा दिलेले घेतलेस आणि तळहाताला खाज, पुरळ आलं तर मुलाम्यातल्या निकेलचा संशय घे. आणि जड हवेत म्हणून कुणी शिशाचे ओतून देतो म्हणाला, तर नाही म्हण. शिसं हाताला लागतं, हातावरून भाकरीला लागतं आणि पोटात जातं. अंगात साठतं ते, आणि घरातल्या लहान मुलांना त्याचा सर्वात जास्त धोका.

आता आईचं. त्यांना गोळे द्यायचे नाहीत. दीड इंचीही नाहीत.

रात्री मुंग्या येऊन जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं, हे मनगटातली नस दबल्याचं जुनं लक्षण आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला एका चिंचोळ्या वाटेतून बोटांचे नऊ दोर आणि एक नस जाते. विरळणीत हात दिवसभर मांडवाकडे वर, मनगट वाकडं, आणि लहान कात्रीची उघड-मीट हजारो वेळा. दोरांचं अस्तर सुजतं आणि त्या गर्दीत नस चेपते. त्यांना विचार, करंगळीला मुंग्या येतात का? अंगठा, पहिली दोन बोटं आणि अर्धी अनामिका, एवढ्यातच येत असतील आणि करंगळी सुटत असेल, तर माझा अंदाज बरोबर. गोळे फिरवणं म्हणजे त्याच नऊ दोरांना त्याच वाटेतून आणखी पळवणं.

त्यांच्यासाठी मनगट सरळ धरणारा पट्टा आण. रात्री झोपताना लावायचा, फार घट्ट नाही. झोपेत आपण मनगट मुडपून घेतो आणि नस तेव्हाच जास्त दबते, म्हणून रात्रीचा पट्टा महत्त्वाचा. साखर आणि थायरॉइड तपासून घे, दोन्हींत हे दुखणं वाढतं. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दोन्ही हातांचा ताडून बघ. एका बाजूला सपाट झाला असेल, किंवा हातातून वस्तू सुटायला लागल्या असतील, तर थांबायचं नाही. नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून संदेश नीट जातो का ते बघणारी तपासणी, करून डॉक्टर ठरवतील. ही शस्त्रक्रिया लहान असते, पण नस फार दिवस दबून मेली की ती केली तरी गेलेलं सगळं परत येत नाही. बायका हंगाम संपू दे म्हणतात, मग द्राक्षाची खरड (उन्हाळी) छाटणी येते, मग पुढचा हंगाम. मी अशा तीन-तीन हंगाम पुढे ढकललेल्या बायका पाहिल्यात. त्यांच्या हातातून भाकरी थापताना पीठ निसटायचं.

रोजगार बुडवा असं मी सांगणार नाही, ते माझ्या म्हणण्यानं होणारही नाही. पण तासाभरानं दोन मिनिटं हात खाली सोडून बोटं हलवायची, जमेल तेव्हा कात्रीचा हात बदलायचा, आणि घड डोक्याच्या वर असेल तर पायाखाली क्रेट घ्यायचं. कात्रीला धार नसेल तर प्रत्येक मणी कापायला दुप्पट दाब लागतो. बऱ्याच टोळ्यांत कात्री बोथट झाली तरी तीच चालवतात, आणि स्प्रिंग ताठ असली तर बोटांना उघडतानाही सोसावं लागतं.

तू हात दाखवायला येशील तेव्हा आईंनाही घेऊन ये. आणि त्यांची कात्री पिशवीत टाक, मला तिची मूठ बघायची आहे.